वाढती जबाबदारी आणि करपलेले मन

आमच्या गडचांदूरच्या बाजूस कोणास मोठे काम मिळाले, म्हणजे त्याचे अभिनंदन करण्यास लोक चुकत नाहीत. सिमेंटच्या कारखान्यातील कामगार पाळीचा मुकादम झाला, दोनशिक्षकी शाळेतील धाकट्या गुरुजींकडे मुख्याध्यापकाचा कार्यभार आला, आशाताई गटप्रवर्तक झाल्या, किंवा दोन गावांच्या उपदेशकास मंडळीने आणखी तीन गावे सोपविली, की पेढे वाटले जातात, हार घातले जातात, आणि आमच्यासारखे पाळक प्रार्थनाही करितात. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्याच मनुष्यास दीड वर्षाने 'तुझे कसे चालले आहे' असे विचारावयास बहुधा कोणी जात नाही. त्या सुमारास तो घरी मुलांवर ओरडू लागलेला असतो. सभेस येतो, पण बोलत नाही. आजाऱ्याचा निरोप आला की पूर्वी जो चप्पल शोधीत उठत असे, तो आता कपाळास आठी घालून 'उद्या पाहू' म्हणतो. लोक म्हणतात, पद मिळाले आणि माणूस बदलला. आमचे म्हणणे असे की, माणूस बदलला नाही, तो करपला. ह्या आठवड्याच्या अभ्यासास आम्ही हाच विषय घेत आहो.

करपणे हा शब्द आम्ही मुद्दाम वापरीत आहो. शहरांतील कचेऱ्यांत ह्या अवस्थेस बर्नआउट असे नाव चालते. आपल्या वाचकांस पिकाचे उदाहरण अधिक जवळचे. करपा पडलेले पीक एका रात्रीत आडवे होत नाही. ते उभे असते, दुरून हिरवेही दिसते. पण पानांच्या कडा वाळत जातात, आणि दाणा भरण्याची वेळ आली म्हणजे कणीस पोचट निघते. थकवा वेगळा. दिवसभर नांगर धरलेला मनुष्य थकतो, भाकर खाऊन निजतो आणि सकाळी ताजा उठतो. ज्याचे मन करपले आहे तो निजून उठला तरी थकलेलाच असतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ह्या अवस्थेची व्याख्या दिली आहे. हा रोग आहे असे तीत म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट आवरला गेला नाही म्हणजे जी दशा होते ती ही, असे म्हटले आहे. तिची लक्षणे तीन सांगितली आहेत. अंगातील शक्ती आटून गेल्यासारखी वाटणे हे पहिले. कामाविषयी मन विटणे, त्यापासून दूर जावेसे वाटणे, अथवा त्याविषयी कडवट बोलू लागणे हे दुसरे. आणि आपल्या हातून काम पूर्वीसारखे होत नाही असे वाटणे हे तिसरे. पहिले लक्षण सर्वांस दिसते. तिसरे ज्याचे त्याला कळते. दुसरे मात्र लपून राहते, आणि सेवेच्या कामात असणाऱ्यांचा घात बहुधा तेच करिते. कारण शिक्षकास विद्यार्थ्यांचा कंटाळा आला, परिचारिकेस रोग्यांचा कंटाळा आला, किंवा उपदेशकास मंडळीतील लोकांचा कंटाळा आला, तर तो आपणाशीसुद्धा ते कबूल करीत नाही. त्यास ते पाप वाटते. मग ते झाकण्यासाठी तो आणखी काम अंगावर घेतो.

शरीराचाही हिशेब आहे. जागतिक आरोग्य संघटना व आंतरराष्ट्रीय कामगार संघटना ह्यांनी मिळून २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आठवड्यास ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या मानाने, ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांमध्ये पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक आढळला. आमच्या वाचकांपैकी कित्येकांचे ५५ तास गुरुवारीच भरत असतील.

येथे कोणी म्हणेल, आमच्या बापआज्यांनी ह्याहून अधिक कष्ट उपसले, ते कोठे करपले? प्रश्न रास्त आहे. आमच्या जंगलपट्ट्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो तेव्हा मे महिन्याच्या उन्हात घरची सगळी माणसे पहाटे रानात जातात, ऊन चढण्यापूर्वी पाने घेऊन परततात आणि दुपारभर पुडे बांधीत बसतात. कापूस फुटला म्हणजे वेचणीस उसंत नसते. हे कष्ट अतोनात आहेत. परंतु हंगामास शेवट असतो आणि तो शेवट सर्वांस ठाऊक असतो. नव्या जबाबदारीचे ओझे ह्याहून निराळे. ते येते हंगामाच्या रूपाने, 'सध्या एवढे सांभाळा, मग पाहू' असे म्हणत. आणि मग कधी पाहिले जात नाही. कार्यभारी मुख्याध्यापकाचा कार्यभार पाच पाच वर्षे उतरत नाही. शालेय पोषण आहाराची नोंदवही, ऑनलाइन भरावयाची माहिती, मतदार यादीचे काम आणि चार वर्गांची मुले हे सर्व एकाच माणसाच्या अंगावर पडते, व त्याने पूर्वी जे वर्ग शिकवावयाचे ते तर आहेतच. जुने काम उतरवून नवे चढविले असे होत नाही. जुन्यावरच नवे रचले जाते.

ह्या विषयाचे सर्वांत बोलके उदाहरण आम्हांस शेजारच्याच गडचिरोली जिल्ह्यात सापडते. हा जिल्हा १९८२ साली आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. १९८६ साली डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग ह्या दांपत्याने तेथे 'सर्च' ही संस्था आरंभिली. दोघेही नागपूरला वैद्यकी शिकलेले आणि अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे उच्च शिक्षण घेऊन परतलेले. पुढच्या नऊ वर्षांत त्यांच्यावर कामे कशी चढत गेली ते पाहावे. खेड्यांतील स्त्रियांच्या न सांगितल्या जाणाऱ्या आजारांचा अभ्यास झाला; तो १९८९ साली इंग्लंडच्या 'लॅन्सेट' ह्या वैद्यकीय पत्रात छापून आला आणि जगभर वाचला गेला. लहान मुले न्युमोनियाने मरतात म्हणून गावोगाव उपचाराचा प्रयोग झाला. तो १९९० साली छापला गेला. दारूविरुद्ध जिल्ह्यातील लोकांची चळवळ उभी राहिली, आणि १९९३ साली गडचिरोलीत दारूबंदी लागू झाली. धानोऱ्याच्या रस्त्यावर शोधग्राम वसविले गेले; तेथील दवाखान्यास आदिवासींच्या इच्छेप्रमाणे माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. रोगी पाहणे, संशोधन लिहिणे, चळवळ चालविणे, संस्था उभारणे, ह्यांपैकी एकेक काम एकेका मनुष्याचे आयुष्य खाईल असे. १९९५ साली नवजात बालकांचा मोठा प्रयोग गावांत सुरू झाला. आणि त्याच १९९५ साली डॉ. अभय बंग ह्यांस हृदयविकाराचा झटका आला. वय ४४ वर्षे.

हृदयविकारास एकच कारण नसते, आणि केवळ कामानेच त्यांचे हृदय दुखावले असे म्हणणे उतावळेपणाचे होईल. त्यांनी स्वतःही तसे म्हटलेले नाही. त्यांनी केले ते असे की, जो मनुष्य इतके दिवस दुसऱ्यांच्या मरणाची कारणे शोधीत होता, त्याने तीच दृष्टी स्वतःकडे वळविली. आपण काय खातो, किती चालतो, कशाने चिडतो, कशाची घाई करितो, मनात कोणता ताण वागवितो, हे त्यांनी रोग्याचे टिपण घ्यावे तसे तपासले. आहार बदलला. नेमाने चालणे, योगासने, ध्यान ह्यांस दिवसात जागा दिली. २००० साली त्यांनी हा सर्व वृत्तान्त 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' ह्या पुस्तकात मांडला, आणि महाराष्ट्रात तो घरोघरी वाचला गेला. आम्हांस त्या पुस्तकात विशेष वाटते ते हे की, डॉक्टर असलेला मनुष्य रोगी म्हणून बोलण्यास लाजला नाही. आपल्या मंडळ्यांत किती उपदेशक असे बोलू शकतील?

परंतु आम्ही हे उदाहरण घेतले ते केवळ आहार-व्यायामासाठी नव्हे. त्याच साली गावांत सुरू झालेल्या प्रयोगाकडे वाचकांनी लक्ष द्यावे. नवजात बालकांस वाचवावयाचे तर डॉक्टर पाहिजे, इस्पितळ पाहिजे, असेच त्यावेळी सर्वत्र मानीत. गडचिरोलीच्या खेड्यांत हे दोन्ही नव्हते. एकटा डॉक्टर घरोघर धावला असता तरी ३९ गावांतील बाळंतिणींपर्यंत वेळेवर पोहोचला नसता. धावता धावता तोच पडला असता. म्हणून गावातीलच थोड्या शिकलेल्या स्त्रिया निवडून त्यांस शिकविण्यात आले. बाळाचे वजन करणे, त्यास ऊब देणे, श्वास अडकला तर काय करावे, जंतुसंसर्गाची चिन्हे कशी ओळखावी, औषध कसे द्यावे, हे सर्व त्या शिकल्या. त्यांस आरोग्यदूत हे नाव पडले. १९९९ साली ह्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: प्रयोगाबाहेरच्या गावांशी ताडून पाहता ह्या गावांतील नवजात मृत्यूंचे प्रमाण तिसऱ्या वर्षी सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. पुढे २०११ साली भारत सरकारने हीच रीत देशभर आशांच्या हाती दिली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठराविक दिवशी सहा-सात फेऱ्या करितात, त्या रीतीचे मूळ आपल्या ह्याच जंगलपट्ट्यात आहे.

काम वाटून दिले म्हणजे ते हलके होते पण बिघडतेही, अशी आपल्यापैकी पुष्कळांची समजूत असते. 'दुसऱ्यास सांगण्यापेक्षा मीच करितो, लवकर होते' हे वाक्य आम्ही दर आठवड्यास कोणाच्या ना कोणाच्या तोंडून ऐकतो. येथे तर जीवनमरणाचे काम वाटून दिले, आणि ते सुधारले. का सुधारले? आरोग्यदूत त्याच गावात राहात होती, म्हणून रात्री दोन वाजताही ती पोहोचू शकत होती. डॉक्टरांचे ज्ञान अधिक होते, हे खरे. पण हजर राहणे तिलाच शक्य होते.

आणखी एक बारीक गोष्ट. न्युमोनियाच्या कामात मुलाचे श्वास मोजावे लागतात, आणि गावच्या कित्येक दायांस मोठ्या आकड्यांपर्यंत मोजता येत नसे. तेव्हा 'ह्यांच्याने होणार नाही' असे म्हणून काम परत घेणे सोपे होते. तसे न करिता मण्यांचे एक साधे साधन तयार करण्यात आले; ठराविक श्वासांमागे एक मणी सरकवावा, म्हणजे मोजता न येणाऱ्या बाईसही श्वास जलद आहे की नाही ते कळावे. ह्या मण्यांविषयी आम्ही वारंवार विचार करितो. काम दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे तर त्या हातास बसेल असे हत्यारही करून द्यावे लागते. त्यास आरंभी वेळ लागतो, स्वतः करण्याहून अधिक लागतो. तो वेळ देण्याचे आपण टाळितो आणि मग मदतीस कोणी नाही म्हणून रडतो.

डॉ. बंग ह्यांचे काम हृदयविकारानंतर थांबले नाही. आदिवासींच्या आरोग्याविषयी केंद्र सरकारने नेमिलेल्या तज्ज्ञ समितीचे ते अध्यक्ष होते आणि २०१८ साली त्या समितीने आपला अहवाल दिला. त्याच साली बंग दांपत्यास पद्मश्री मिळाली. म्हणजे झटक्यानंतर तेवीस वर्षे होऊन गेली होती आणि जबाबदारी पूर्वीहून मोठीच होती. तरुणांस समाजकार्याकडे वळविण्यासाठी 'निर्माण' हा उपक्रमही मध्यंतरी २००६ साली सुरू झाला होता.

पवित्र शास्त्राच्या वाचकांस हे ऐकून निर्गमाचा अठरावा अध्याय आठवला असेलच. मोशे सकाळपासून सायंकाळपर्यंत न्याय करीत बसे आणि लोक त्याच्यासमोर ताटकळत उभे राहात. हे चांगले नाही असे त्याला सांगितले कोणी? अहरोनाने नव्हे, वडीलजनांनी नव्हे. दुरून भेटीस आलेल्या त्याच्या सासऱ्याने, मिद्यानाचा याजक इथ्रो ह्याने. रोज पाहणाऱ्यांच्या डोळ्यांस ती गर्दी सवयीची झाली होती. इथ्रोने दोन गोष्टी पाहिल्या: मोशे तर थकेलच, पण लोकही थकतील. ही दुसरी गोष्ट आपण विसरतो. एकट्याने सर्व करणारा मनुष्य स्वतःस झिजवितो, आणि बाहेर उभे असलेल्यांनाही दिवसभर उन्हात उभे करितो. मग हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर नायक नेमिले गेले. दहांवर नायक होण्यास फार विद्या लागत नसावी. दहा घरांची ओळख व विश्वासूपणा एवढे पुरे झाले असेल.

तथापि येथे एक इशारा देणे आम्हांस भाग आहे. ओझे वाटणे आणि ओझे खाली ढकलणे ह्या दोन गोष्टी दिसावयास सारख्या आहेत. ज्या आशाताईंचा आम्ही गौरव केला त्यांचेच पाहा. ही योजना २००५ साली आली. सुमारे हजार लोकवस्तीस एक आशा, असा हिशेब होता. त्यांस पगार नव्हे, कामामागे मोबदला. मग एकेक काम वाढत गेले. करोनाच्या साथीत घरोघर तपासणीस त्याच फिरल्या. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा सन्मान केला, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्रातील आशा व गटप्रवर्तक संपावर गेल्या. मानधन वाढावे आणि ऑनलाइन कामाची सक्ती नको, ह्या त्यांच्या मागण्यांत होत्या. सन्मान आणि संप ह्यांत अंतर दीड वर्षाचेही नाही. ज्यांस सेवाभावी म्हणून हार घालितो त्यांच्या सेवाभावाचाच आपण फायदा घेत नाही ना, हे वरिष्ठांनी, आणि त्यांत मंडळीचे वडीलजन व पाळकही आले, आपणास विचारावे. 'देवाचे काम आहे' असे म्हणून एखाद्या उपदेशकास पाचवे गाव देणे फार सोपे असते. पेट्रोलाचा खर्च कोण देणार हे त्याच सभेत ठरविणे अवघड जाते.

घराविषयीही बोलले पाहिजे. पुरुषास बढती मिळाली म्हणजे त्याच्या घरचे काम बायको निमूटपणे आपल्याकडे घेते. बाईस बढती मिळाली म्हणजे तिच्या घरचे काम तिच्याकडेच राहते. ती गटप्रवर्तक असो, बचत गटाची अध्यक्ष असो, की ग्रामपंचायतीची सरपंच असो. पहाटे चूल तिचीच, पाणी तिचेच, सासूचे औषध तिचेच. अशा बाईस 'ताण घेऊ नका' असा उपदेश करणे म्हणजे थट्टा होय. तिच्या नवऱ्याने भाकरी थापावयास शिकणे हा ह्यावर खरा उपाय आहे, आणि हे आम्ही हसण्यासाठी लिहीत नाही.

आता विसाव्याविषयी. आठवड्यातून एक दिवस काम बंद ठेवणे हे आपल्या मंडळ्यांस उपासनेमुळे ठाऊक आहे. परंतु ह्या देशातील कामगारांस तो दिवस कसा मिळाला हे थोड्यांस माहीत असते. मुंबईच्या गिरण्यांत मजूर आठवड्याचे सातही दिवस राबत. महात्मा फुले ह्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली आणि त्यांच्यासाठी सतत झगडून १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळविली. ती कोणी दयेने दिलेली नाही. तेव्हा सुट्टीच्या दिवशी फोन घेत बसणारा मनुष्य, मागच्यांनी भांडून मिळविलेली वस्तू फुकट परत करीत असतो.

आमच्या गावी ह्या प्रश्नास एक वळण आहे. सिमेंटची भट्टी रविवार पाहत नाही. ती रात्रंदिवस पेटलेली असते आणि माणसे पाळ्यांनी येतात. रात्रपाळी करून आलेल्या बंधूस सकाळी उपासनेत डुलकी लागली तर त्याच्याकडे रागाने पाहू नये. त्याचा विसावा कोणत्या वारी पडतो ते घरच्यांनी ओळखून त्या दिवशी त्यास निजू द्यावे, बाजारास धाडू नये. आणि उपदेशकाचे तर उलटेच. रविवार हा त्याचा सर्वांत जड दिवस. तीन गावांत तीन उपासना करून जो रात्री घरी येतो त्याने विसावा घेतला असे कसे म्हणावे? त्याने सोमवार किंवा दुसरा एखादा वार ठरवून मंडळीस जाहीर सांगावा. मरण आणि गंभीर आजार सोडून त्या दिवशी त्यास कोणी बोलावू नये. हे आळशीपणाचे वाटणाऱ्यांनी आपल्या गोठ्यात जाऊन यावे. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपण बैलांचे खांदे तूप-हळद लावून शेकतो आणि पोळ्यास त्यांच्या मानेवर जू ठेवीत नाही. चढ आला की शहाणा गाडीवान बैलास मारीत सुटत नाही. ओझे उतरवितो किंवा दुसरी जोडी मागवितो. बैलाच्या बाबतीत जो विचार आपणास सुचतो तो माणसाच्या बाबतीत सुचू नये, ही चमत्कारिक गोष्ट आहे.

तेव्हा नवे काम अंगावर येते त्या दिवशी काय करावे? आमच्या मते 'हो' म्हणण्यापूर्वीचा एक आठवडा हाच सर्व उपायांचा काळ आहे. एकदा हार गळ्यात पडला म्हणजे बोलणे कठीण जाते. त्या आठवड्यात एक कागद घेऊन हल्ली आपण करितो ती सर्व कामे लिहावी, लहानसहानसुद्धा. दिवा लावण्यापासून हिशेब ठेवण्यापर्यंत. मग जो काम देतो त्याच्यापुढे तो कागद ठेवून विचारावे की, ह्यांतील कोणते मी सोडू? कोणतेच सोडावयाचे नाही असे उत्तर आले, तर नव्या कामास नकार देण्याचे ते सबळ कारण आहे. काम तात्पुरते आहे असे सांगितले तर कोणत्या तारखेपर्यंत, हे लिहून घ्यावे. माझ्यामागे हे कोण पाहील, आणि त्यास कोण व किती दिवसांत शिकवील, हेही त्याच वेळी ठरवावे. शाळेचा कार्यभार घेणाऱ्या गुरुजींनी पोषण आहाराची वही पहिल्याच महिन्यात दुसऱ्या शिक्षकास शिकवून द्यावी. मुकादमाने पाळी बदलताना तोंडी निरोपावर न विसंबता वहीत लिहून कार्यभार द्यावा, म्हणजे झोपेत असता त्यास फोन येणार नाहीत. पाच गावांच्या उपदेशकाने प्रत्येक गावी दर आठवड्यास जाण्याचा हट्ट सोडावा. दोन गावांत स्वतः जावे, आणि उरलेल्या गावांत वाचन व प्रार्थना चालवितील अशी दोन दोन माणसे तयार करावी. त्यांचे वाचन अडखळेल. अडखळू द्यावे.

आणि मन करपू लागले असेल तर? एलीयाची गोष्ट येथे उपयोगी आहे. तो रानात झुडपाखाली जाऊन पडला आणि आता जगणे पुरे असे म्हणू लागला. त्यास प्रथम बोध मिळाला नाही. त्यास झोप मिळाली, भाकर मिळाली, पाणी मिळाले. पुन्हा झोप आणि पुन्हा भाकर. बोलणे त्यानंतर, फार दूर चालून गेल्यावर. खचलेल्या बंधूच्या घरी आपण जातो तेव्हा पहिल्या घटकेसच उपदेश सुरू करितो. त्यापेक्षा त्याचे एक आठवड्याचे काम उचलावे. छातीत कळ, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे असे काही झाले तर प्रार्थनासभेची वाट न पाहता १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. झोप उडाली, जगू नये असे विचार येऊ लागले, तर १४४१६ ह्या सरकारी क्रमांकावर मराठीत बोलता येते, पैसे पडत नाहीत. आणि जवळच्या माणसास त्याच दिवशी सांगावे. ह्यात विश्वासाची उणीव मानण्याचे काही कारण आम्हांस दिसत नाही. हात मोडला तर आपण हाडवैद्याकडे जातोच.

पुढच्या मासिक सभेसाठी आमची सूचना अशी. प्रत्येक उपदेशकाने, वडीलजनाने व बचत गटाच्या भगिनीने आपापल्या कामांचा वर सांगितलेला कागद घेऊन यावे. ज्या कामापुढे दुसऱ्या कोणाचेही नाव लिहिता येत नाही त्यावर खूण करावी. मग सभेत एकेकाने उठून खुणा केलेली कामे वाचून दाखवावी, आणि ती शिकण्यास कोण तयार आहे ते विचारावे. पहिला कागद पाळकांनी वाचावा.